खुलाशासाठी रवाना

माझं काम जुन्या कागदांच्या याद्या करण्याचं आहे. मेलबर्नमधल्या एका सरकारी दप्तरखान्यात मी आठवड्यातले चार दिवस जाते. खोका उघडायचा, आतली फाइल काढायची, वाचायची आणि संगणकावर तिच्यासाठी एक ओळ लिहायची: कोणी लिहिलं, कोणाविरुद्ध, कशाबद्दल, शेवटी काय झालं. मग पुढची फाइल. दिवसाला वीस ओळी झाल्या की दिवस बरा गेला असं मी धरते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला व्हिक्टोरिया राणीच्या काळातले खोके आले. गावोगावच्या मॅजिस्ट्रेटांविरुद्ध लोकांनी सरकारकडे केलेल्या तक्रारी. हे मॅजिस्ट्रेट म्हणजे शिकलेले न्यायाधीश नव्हेत. गावातला दुकानदार, मेंढरांचा मालक, पिठाच्या गिरणीवाला, अशा वजनदार माणसाला सरकार ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे जेपी नेमायचं. पगार नाही. आठवड्यातून एकदा खुर्चीत बसून गावातल्या बारीकसारीक गुन्ह्यांचा निकाल द्यायचा, एवढंच. तक्रारीही तशाच. साहेब पिऊन बसले होते. साहेबांनी माझा साक्षीदार हाकलून दिला. साहेबांनी स्वतःच्याच भावाचा खटला चालवला.

प्रत्येक तक्रार तीन घड्या घालून ठेवलेली असते. बाहेरच्या घडीवर कारकुनाने नंबर टाकलेला, त्याखाली एकेका अधिकाऱ्याचा शेरा. पहिल्या काही आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की पहिला शेरा जवळजवळ नेहमी एकच असतो: ज्या मॅजिस्ट्रेटविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच ती खुलाशासाठी पाठवावी. मूळ पत्रच जायचं, नक्कल नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव, गाव, हस्ताक्षर, सगळं थेट त्या माणसाच्या टेबलावर.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक ऑस्ट्रेलियन बाई बसते. तीस वर्षं हेच काम करते आहे. मी तिला म्हटलं, “हे काय? चोरालाच विचारायचं चोरी केलीस का?”

ती म्हणाली, “मग काय गाईला विचारणार? घोड्यावरून चार दिवस लागायचे त्या गावाला पोचायला. दुसरं कोण होतं तिथे विचारायला?” आणि चष्मा वर करून पुढे म्हणाली, “शिवाय दोन्ही बाजू ऐकायच्या. फेअर आहे ना, मेट?”

फेअर आहे, हे मलाही पटलं. मी शेऱ्यासाठी मराठीत मनातल्या मनात शब्द ठरवला, ‘खुलाशासाठी रवाना’, आणि यादीत त्याचा एक कोड केला. रोज लिहायचं तर कोड बरा.

गाईवरून आठवलं. एक फाइल गाईंचीच होती. सोन्याच्या खाणींच्या भागातल्या एका गावात एक विधवा लोकांचे कपडे धुऊन राहायची. मॅजिस्ट्रेटच्या गाई तिच्या बटाट्याच्या वाफ्यांत शिरल्या. तिने हाकलल्या, एकीला काठी लागली. मॅजिस्ट्रेटने तिच्यावर फिर्याद केली आणि स्वतःच खुर्चीत बसून तिला सात दिवस कोठडीत टाकलं. घरात तीन लहान मुलं. शाळामास्तराने तिच्यासाठी पत्र लिहिलं, खाली तिने फुली मारली. पत्र खुलाशासाठी रवाना. मॅजिस्ट्रेटचा खुलासा सहा पानी, अक्षर वळणदार: बाई भांडखोर आहे, गावाला तिचा त्रास आहे. तीन आठवड्यांनी त्या विधवेचं दुसरं पत्र, अक्षर वेगळं, खाली तीच फुली: माझी काही तक्रार उरलेली नाही. शेवटचा शेरा: कारवाईची गरज नाही, दप्तरी दाखल.

मी यादीत लिहिलं, ‘तक्रार मागे घेतली’, आणि पुढची फाइल उघडली. अशा मागे घेतलेल्या तक्रारी बऱ्याच होत्या. ती ओळ लिहायला सोपी जाते, म्हणून मला ती आवडायचीही.

जेपी हे पद इथे अजून आहे. आता ते निकाल देत नाहीत, फक्त सह्या करतात. डिग्रीची नक्कल खरी आहे, हे प्रतिज्ञापत्र या माणसाने माझ्यासमोर केलं, या बाईने समजून उमजून सही केली, असं लिहून शिक्का मारायचा. फुकट सेवा. मी राहते त्या क्रेगीबर्न उपनगरातल्या एका लायब्ररीत दर शनिवारी सकाळी जेपींचं टेबल लागतं. मी स्वतः जेपी नाही. मी टेबलाचं वेळापत्रक बघते. कोणता जेपी कोणत्या शनिवारी, पेनं, शाई, टोकन, लोकांना बसायला खुर्च्या. नवीन आलेल्या लोकांच्या रांगा असतात. पंजाबी, नेपाळी, तेलुगू, आपली मराठी मंडळी. कुणाला नर्सिंगच्या नोंदणीसाठी कागद हवे असतात, कुणाला मुलाच्या युनिव्हर्सिटीसाठी.

आमच्या जेपींमध्ये एक मराठी गृहस्थ आहेत. पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर. सगळे त्यांना काका म्हणतात. मी इथे आले तेव्हा पहिल्या नोकरीच्या अर्जावर त्यांनीच माझ्या डिग्रीच्या नकला खऱ्या करून दिल्या होत्या, आणि वर घरी नेऊन पोहे खाऊ घातले होते. त्यांच्या शनिवारी मराठी लोकांची गर्दी जास्त असते. आपला माणूस, पटकन होतं.

एका शनिवारी टेबल आवरताना एक बाई माझ्याजवळ आली. पस्तिशीची असेल, नर्सचा गणवेश अंगावर. तिने पर्समधून एक बंद लिफाफा काढला.

“ताई, हे माझ्या सासूबाईंनी दिलंय. इथल्या मुख्य माणसाला द्या म्हणाल्या.”

“मुख्य असं कोणी नाही. मी फक्त वेळापत्रक बघते.”

“मग तुम्हीच ठेवा. तुम्हाला मराठी वाचता येतं ना? तेवढंच बघून ये म्हणाल्या होत्या.” आणि आवाज खाली आणून ती म्हणाली, “घरी माहीत नाहीये. म्हणजे, माझ्या नवऱ्याला.”

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. ऐकून पुढे काय केलं तेच इथे लिहायचं आहे.

पत्र वहीच्या तीन पानांवर होतं. अक्षर छापल्यासारखं, समास सोडलेला, एकही खाडाखोड नाही. लिहिणाऱ्या बाई वसईच्या. तिथल्या मराठी शाळेत प्राथमिकच्या शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन वीसेक वर्षं झालेली. नवरा गेल्यावर मुलाने इथे कायमचं बोलावून घेतलं होतं. त्यांनी लिहिलं होतं ते थोडक्यात असं:

मुलगा त्यांना शनिवारी लायब्ररीत घेऊन आला. एका कागदावर सही हवी होती. त्या कागदाने आईने कुठे आणि कसं राहायचं हे ठरवायचा अधिकार मुलाला मिळत होता. हे त्यांना घरी परतल्यावर सुनेकडून कळलं. टेबलावर मराठी गृहस्थ होते. ते मुलाशी पूर्ण वेळ इंग्रजीत बोलले. शेवटी कागद त्यांच्यापुढे सरकवून म्हणाले, “आजी, इथे करा सही, आणि इथे.” त्यांनी विचारलं, यात काय आहे? मुलगा म्हणाला, “आई, मागे रांग आहे.” त्यांनी सही केली.

पुढचा मजकूर मला जवळजवळ पाठ आहे. ‘सही करण्यापूर्वी वाचावे, हे मी मुलांना छत्तीस वर्षे शिकवले. मला वकिली इंग्रजी येत नाही, पण त्या गृहस्थांना मराठी येत होते. ते पाच मिनिटांत सांगू शकले असते. मी समजून सही केली असे त्यांनी लिहून दिले आहे. ते खोटे आहे. मुलाच्या मनात मला वृद्धाश्रमात ठेवायचे आहे. मला घरातच राहायचे आहे. तरी ही सही रद्द समजावी, ही विनंती.’ आणि खाली ताजा कलम म्हणून: ‘त्यांनी मला आजी म्हणण्याचे कारण नव्हते. ते माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असतील.’

ते वाचून मला हसू आलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही हसला. मग मी कामाला लागले.

जेपींविरुद्धची तक्रार कुठे पाठवायची ते ठरलेलं आहे. त्यासाठी सरकारी कार्यालय आहे, पत्ता आमच्या टेबलामागच्या फळ्यावरच लावलेला होता. मी पत्र इंग्रजीत आणून थेट तिकडे पाठवायला हवं होतं. पण मला वाटलं, काकांना न विचारता त्यांच्याविरुद्ध कागद कसा पाठवायचा? माणूस सत्तरीच्या पुढचा, दहा वर्षं शनिवार सकाळ फुकट देतोय. आधी त्यांचं म्हणणं घ्यावं, दोन्ही कागद जोडावेत, मग पाठवावं. व्यवस्थित फाइल जाईल. आठवड्यातले चार दिवस मी तेच वाचत होते, आणि हात आपोआप त्याच वळणाने गेला. पत्राची तिन्ही पानं स्कॅन केली, काकांना ईमेल केली. सोबत तीन मुद्दे, क्रमांक घालून. त्या दिवशी कागद समजावून सांगितला होता का. कोणत्या भाषेत. मुलाला बाजूला बसवून आईला एकटीला विचारलं होतं का. सात दिवसांत कळवावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन.

“अगं, मला नोटीस पाठवतेस होय?”

“नोटीस नाही हो काका. खुलासा.”

“तेच ते. तीन मुद्दे काय, सात दिवस काय! मी काय तुझ्या दप्तरखान्यातला जुना साहेब आहे का?”

“काका, दोन्ही बाजू याव्यात म्हणून.”

“बरं बरं. त्या बाईंनी आजी म्हटल्याचं मात्र लावून घेतलेलं दिसतंय.” ते हसले. मीही हसले. “देतो हो खुलासा. तू काळजी करू नकोस.”

काकांचा खुलासा पाच दिवसांनी आला, एका पानाचा, सभ्य. मुलगा जबाबदार आहे, घरात गॅस दोनदा चालू राहिला होता, दोघंही शिफ्टला जातात, आईच्या भल्यासाठीच चाललंय. आई शांत होत्या, हो म्हणाल्या. गर्दी होती हे खरं. माझ्या तीन मुद्द्यांपैकी एकाचंही सरळ उत्तर त्यात नव्हतं. हे मला तेव्हाही दिसलं होतं.

मी दोन्ही कागद जोडून पाठवायच्या तयारीत होते, तेवढ्यात लायब्ररीच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाकीट आलं. आत वहीचं एक पान, तेच छापल्यासारखं अक्षर. ‘मी पूर्वी दिलेले पत्र गैरसमजातून लिहिले होते. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. कृपया पुढे काही करू नये.’

मला थोडं चुकल्यासारखं वाटलं. पहिल्या पत्रात चार वर्षांनी लहान असण्याचा राग होता, या पत्रात राग नावालाही नव्हता. पण अक्षर त्यांचंच, सही त्यांचीच. मी माझ्या वहीत शनिवारच्या कामांच्या यादीत त्या ओळीपुढे ‘मागे घेतली’ लिहिलं आणि बरोबरची खूण केली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. काकांचं नाव कुठे जायला नको, बाईंचंही समाधान झालंय, आणि एक काम कमी.

पुढचे सात महिने मी त्या बाईंचा विचार केला नाही.

मग एका शनिवारी काकाच सहज बोलून गेले. “त्या शिक्षिका आठवतात का? हलवलं त्यांना. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण जागा उत्तम आहे. मुलगा सांगत होता.”

“मुलगा तुमच्या ओळखीचा आहे?”

“सगळेच ओळखीचे. क्रेगीबर्नमधले आपले लोक कितीसे!”

मी विचारलं, “काका, तुम्ही त्याला पत्राबद्दल सांगितलं होतंत का?”

“म्हणजे काय?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “तू खुलासा मागितलास ना? ज्याचा कागद त्याला विचारल्याशिवाय मी खुलासा कसा देणार? त्याला फॉरवर्ड केलं आणि विचारलं, बाबा रे, हे काय आहे.”

त्यांच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं.

सुनेचा नंबर मिळवून मी तिला मेसेज केला, पत्ता विचारला. उत्तरात फक्त पत्ता आला.

पुढच्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी गेले. दीड तासाचा रस्ता. इमारत नवी, स्वच्छ, पुढे गुलाबाची झाडं. बाई मोठ्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. सुती साडी, वरून जाड स्वेटर, केस मागे ओढून बांधलेले, कोरडे. टीव्हीवर घरांच्या लिलावाचा कार्यक्रम चालू होता आणि समोर दहा-बारा म्हातारी माणसं तो बघत होती, काही झोपली होती.

मी माझं नाव सांगितलं, लायब्ररीचं सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“मराठी बोला,” त्या म्हणाल्या. “काहीही बोला. सात आठवडे झाले. इथे एक पंजाबी मुलगी आहे, ती हिंदीत बोलते, गुणाची आहे. पण ती दोनच दिवस येते.”

मी काहीही बोलले. रस्त्याबद्दल, हवेबद्दल. त्यांनी दुपारच्या जेवणाचं सांगितलं, लाल भोपळा उकडून ठेचलेला, वर मीठसुद्धा नाही. “आजारी नसताना आजाऱ्याचं खायचं,” त्या म्हणाल्या. गॅसचं मी विचारलं नव्हतं, त्यांनीच काढलं. “दोनदा राहिला चालू. हे खरं आहे. मी नाकारत नाही. पण मग मला गॅसला हात लावू नको म्हणायचं, घरातून का काढायचं?”

मी घरून तयारी करून गेले होते. पिशवीत फॉर्म होते. म्हटलं, “बाई, तो कागद रद्द करता येतो. तुम्ही शुद्धीवर आहात, तुमचं तुम्हाला कळतंय. मी दुसरा जेपी बघते, ओळखीचा नसलेला. मी प्रत्येक ओळ तुम्हाला मराठीत सांगेन.”

त्यांनी फॉर्म हातात घेतला, पहिलं पान शेवटपर्यंत बघितलं, उलटून मागचंही बघितलं. मग माझ्याकडे परत दिला.

“रद्द करून जाऊ कुठे?”

मी फॉर्म परत पिशवीत घातला.

“घर मुलाचं आहे. त्याने नको म्हटलं तर तुमचा कागद मला स्वयंपाकघरात उभं करणार आहे का? सून होती माझ्या बाजूची. तिनेच मला कागदात काय आहे ते वाचून सांगितलं. तिनेच पत्र नेऊन दिलं. आणि मग तिनेच नवऱ्याला सांगितलं. का सांगितलं ते देवाला माहीत. घाबरली असेल. तो माझं पत्र हातात घेऊन माझ्यापुढे उभा होता, माझं अक्षर! त्यानंतर मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती शपथा घेत होती, मी तोंड फिरवलं. पाच महिने एका घरात. शेवटी ती त्याला म्हणाली, ठेवा कुठे ठेवायचं ते, मला हे सहन होत नाही. मी आतल्या खोलीतून ऐकलं.”

“आणि तक्रार मागे घ्यायचं पत्र?”

“त्याने सांगितलं, मी लिहिलं. नुसती त्याची वाक्यं सरळ केली. लेखी मराठी कधी धड आलंच नाही त्याला.”

मी घरून निघताना काय काय बोलायचं त्याची यादी केली होती. त्यात हे नव्हतं. पत्र फुटलं कसं याचा त्यांच्या मनात दुसराच हिशेब लागला असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

मी म्हटलं, “बाई, सुनेने नाही सांगितलं. पत्र मी त्या काकांना पाठवलं. त्यांचं म्हणणं घ्यायला. त्यांनी तुमच्या मुलाला पाठवलं.”

“तुम्ही पाठवलं.”

“हो.”

“माझं पत्र? जसंच्या तसं?”

“जसंच्या तसं.”

टीव्हीवर कोणाचं तरी घर विकलं गेलं, लोक टाळ्या वाजवत होते. बाईंनी हात मांडीवर ठेवले, एकात एक गुंतवले. मला वाटलं आता बोलतील, शाळेत बोलत असतील तसं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“म्हणजे ती नव्हती,” एवढंच त्या म्हणाल्या. मग, “फोन लावा तिला.”

मी लावला, स्पीकरवर ठेवला. मागे कुठल्या तरी यंत्राची पीं-पीं, कोणाला तरी बोलावल्याचा आवाज.

“ताई, मी शिफ्टला आहे. काय झालं?”

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. “जेवलीस का?”

पलीकडून, “आई?”

“जेवलीस का विचारतेय.”

“नाही अजून. आई, बरं आहे ना तुम्हाला?”

“पत्राचं कळलं मला. तू नव्हतीस.”

मग सून म्हणाली, “मी तेव्हाच सांगत होते.”

“हो. तू सांगत होतीस.”

“मी रविवारी येते,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी गाडीत बसले तोवर तिचाच फोन आला. पाच मिनिटांचा ब्रेक होता म्हणाली. पत्र कसं फुटलं ते मी तिला सांगितलं.

“तुम्ही पाठवलंत काकांना?”

“हो. मला माफ कर. मला वाटलं...”

“मी तुमच्या हातात दिलं होतं. घरी माहीत नाही, हेही सांगितलं होतं. पाठवायच्या आधी मला एक फोन नव्हता करता येत? एक?”

“करता येत होता.”

“मला घरात दोघांनीही खोटं ठरवलं. नवरा म्हणाला, तूच आईला भरवलंस. आई म्हणाल्या, तूच नवऱ्याला सांगितलंस. मी नुसतं पोस्टमनचं काम केलं होतं.”

मी विचारलं, आता बाईंना घरी आणता येईल का.

“आता कसं जमेल, ताई? त्या खोलीत धाकट्या मुलीचं टेबल-बिबल गेलंय. दिवसभर घरी कोणी नाही. आणि आम्ही दोघं आता...” ते वाक्य तिने तसंच सोडलं. “मला जायला हवं. पेशंट आहे.”

दुसऱ्या दिवशी दप्तरखान्यात जाऊन मी त्या विधवेची फाइल परत मागवली. यादीत ओळ होती, त्यामुळे दहा मिनिटांत आली. या वेळी मी मजकूर वाचला नाही, कागद बघितला. मॅजिस्ट्रेटचा खुलासा निळसर, रेघा असलेल्या जाड कागदावर होता. त्या बाईचं तक्रार मागे घेण्याचं पत्रही त्याच निळसर कागदावर. उजेडासमोर धरलं तर आतली जलखूणही तीच. पहिल्या खेपेला हे माझ्या समोर होतं आणि मी ओळ लिहून पुढे गेले होते.

शेजारच्या टेबलावरच्या बाईला दाखवलं. ती बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिली. “त्याच्याच घरी बसून लिहिलेलं,” ती म्हणाली. “किंवा त्याच्या दुकानात.” आणि मग, “हे यादीत कुठल्या रकान्यात घालणार तू? असा रकाना नाही आपल्याकडे.”

मी नवा रकाना मागितला. वरिष्ठ म्हणाल्या, असं कोणी शोधायला येत नाही. म्हणून आता शेऱ्यातच लिहिते: मागे घेण्याचं पत्र कोणाच्या अक्षरात, कोणाच्या कागदावर. त्यामुळे दिवसाला वीस ओळी होत नाहीत, बारा-तेरा होतात. त्या विधवेचं पुढे काय झालं ते कुठेच नाही. तिचं नाव पुढच्या कुठल्याही खोक्यात आलं नाही.

शनिवारच्या टेबलावर मी एक पाटी केली. तक्रार असल्यास थेट सरकारी कार्यालयाकडे करा, इथे कोणाकडेही देऊ नका. इंग्रजी, मराठी, हिंदी, पंजाबी. बाईंच्या बाबतीतलं सगळं मी त्या कार्यालयाला माझ्या नावाने लिहून पाठवणार होते, माझ्या चुकीसकट. बाईंना तसं विचारलं. या वेळी विचारलं. त्या म्हणाल्या, “नको. ते परत कोणाला तरी विचारतील.” त्यांना मी हमी देऊ शकले नाही, म्हणून पाठवलं नाही. काका अजून महिन्यातून दोन शनिवार येतात. माझ्याशी नीट बोलतात. कागद पुढे सरकवण्याआधी “यात काय आहे माहीत आहे ना?” असं विचारायला लागलेत, हे मी पाहिलं आहे. लोक मान हलवतात.

मी महिन्यातून एक रविवार बाईंकडे जाते. सून दर रविवारी येते, शिफ्ट असली तर उशिरा. डब्यात काहीतरी आणते, भोपळा सोडून. दोघी फार बोलत नाहीत. ती मागे उभी राहून त्यांच्या केसांना तेल लावते, विंचरते, आंबाडा बांधते. मुलगा आला तर बाहेर गाडीत बसतो.

निघताना बाई आम्हाला सोडायला दारापर्यंत येतात. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आकडे भेटायला येणाऱ्यांना देतात, राहणाऱ्यांना देत नाहीत. सून आकडे दाबते, दार उघडतं, बाई एक पाऊल मागे होतात आणि ते आमच्या मागे बंद होईपर्यंत तिथेच उभ्या राहतात.